एमएस-डॉस: सुरुवातीचा काळ (१९७९ ते १९८३)

एमएस-डॉस ही मायक्रोसॉफ्टची डेस्कटॉप कॉम्प्युटरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम, काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची ती. १९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर ती बाजारात आली, पण तिचा जन्म मायक्रोसॉफ्टमध्ये झालेला नाही, आणि आयबीएममध्येही नाही.

१९७० च्या दशकाच्या शेवटी छोट्या कॉम्प्युटरवर सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमचं राज्य होतं. गॅरी किल्डॉल या माणसाने १९७४ मध्ये ती बनवली आणि कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्हमधून त्याची डिजिटल रिसर्च ही कंपनी ती विकायची. ती होती ८-बिट प्रोसेसरसाठी. १९७८ मध्ये इंटेलने १६-बिटचा ८०८६ हा प्रोसेसर आणला, आणि सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाच्या एका लहानशा कंपनीने पुढच्याच वर्षी त्याचं कार्डही (प्रोसेसर बसवलेली सर्किटची पाटी) विकायला काढलं. आता कार्ड आहे पण त्यावर चालवायचं काय? ८०८६ साठीची सीपी/एम येणार येणार म्हणत लांबतच चालली होती आणि तिच्याशिवाय कार्डाला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी तिथला तरुण इंजिनिअर टिम पॅटरसन याने एप्रिल १९८० मध्ये स्वतःच एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली, आणि ऑगस्टमध्ये ती विक्रीला आलीसुद्धा. नाव क्यूडॉस, म्हणजे क्विक अँड डर्टी ऑपरेटिंग सिस्टिम. सरळ कामचलाऊ, नावातच कबुली! नंतर ते बदलून ८६-डॉस केलं.

ही सीपी/एमची चोरी होती का, यावर लोक अजून भांडतात. प्रोग्रॅमने सिस्टिमकडे काम मागायची पद्धत पॅटरसनने मुद्दाम सीपी/एमसारखी ठेवली, कारण जुने ८-बिट प्रोग्रॅम इंटेलच्या ट्रान्सलेटरमधून काढून फार खटपट न करता नव्या प्रोसेसरवर आणता यावेत. ए:, बी: ही ड्राइव्हची अक्षरंही तिकडचीच. पण फाइल डिस्कवर कुठे कुठे पसरली आहे याची नोंद ठेवायची पद्धत वेगळी, ती फॅट, आणि ती कल्पना त्याने मायक्रोसॉफ्टच्या डिस्क बेसिकमधून (बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची डिस्कवर चालणारी आवृत्ती) घेतली. सीपी/एममध्ये फ्लॉपी बदलली की कंट्रोल-सी दाबावं लागायचं, विसरलात तर नव्या फ्लॉपीवर लिहूच द्यायची नाही. ते झंझट इथे गेलं. फाइलची साइजही १२८-१२८ बाइटच्या हिशोबात न ठेवता नेमक्या बाइटमध्ये ठेवली. त्यामुळे नुसती कॉपी म्हणणं अन्यायाचं वाटतं, बाहेरून तोंडवळा तिचा पण आतलं बरंच काम वेगळं.

१९८० च्याच उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या बोका रेटनमध्ये आयबीएमची एक छोटी टीम एका वर्षात पर्सनल कॉम्प्युटर काढायच्या घाईत होती. प्रोग्रॅमिंगच्या भाषांसाठी ते मायक्रोसॉफ्टकडे गेले आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठी डिजिटल रिसर्चकडे. तिथे किल्डॉलची बायको डोरोथी धंद्याची बाजू बघायची, आयबीएमच्या गुप्ततेच्या करारावर सही करायला ती तयार झाली नाही आणि बोलणी अडली. (किल्डॉल विमान उडवत बसला म्हणून संधी गेली, ही गोष्ट चवीने सांगतात, पण तो त्या दिवशी धंद्याच्या कामानेच गेला होता.) मग मायक्रोसॉफ्टने ऑपरेटिंग सिस्टिमही आम्हीच देतो म्हणून नोव्हेंबर १९८० मध्ये करार केला आणि पुढच्याच महिन्यात २५,००० डॉलरला ८६-डॉसचं लायसन्स घेतलं, गिऱ्हाईक कोण आहे ते सिएटलवाल्यांना न सांगता. मे १९८१ मध्ये पॅटरसन मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला लागला, आणि जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने आणखी ५०,००० डॉलर देऊन सगळे हक्कच विकत घेतले.

१२ ऑगस्ट १९८१ ला न्यूयॉर्कमध्ये आयबीएम पीसी जाहीर झाला. ८६-डॉसचीच आयबीएमच्या नावाने आलेली आवृत्ती पीसी-डॉस १.० त्यात एका बाजूच्या १६० केबी फ्लॉपीवर यायची, फोल्डर नाहीत, हार्ड डिस्क नाही, फाइलचं नाव आठ अक्षरं आणि टिंबानंतर तीन. किल्डॉलने तक्रार केली म्हणून आयबीएमने सीपी/एम-८६ पण विकायला ठेवली, पण ती २४० डॉलरला आणि डॉस ४० डॉलरला! निकाल तिथेच लागला.

माझ्या मते मात्र खरी चाल कोडमध्ये नव्हती, करारात होती. डॉस इतर कंपन्यांनाही विकायचा हक्क बिल गेट्सने स्वतःकडे ठेवला. १९८२ पासून एमएस-डॉस या नावाने ती दुसऱ्या कंपन्यांना मिळायला लागली, मग कॉम्पॅकसारख्यांनी आयबीएमशी जुळणारी मशीन काढली आणि मशीन कुणाचंही असो, पैसे मायक्रोसॉफ्टला.

मार्च १९८३ ची डॉसची २.० आवृत्ती म्हणजे जवळजवळ नव्याने लिहिलेली सिस्टिम. आयबीएमच्या नव्या पीसी एक्सटी या मॉडेलमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली, ए आणि बी फ्लॉपीकडे असल्याने तिला सी मिळालं, आणि एवढ्या जागेत फाइली एकाच यादीत ठेवणं शक्य नव्हतं म्हणून युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या धर्तीवर डिरेक्टरी (म्हणजे फोल्डर) आल्या. फक्त साधा स्लॅश आधीच कमांडच्या पर्यायांसाठी वापरात होता, म्हणून पाथमध्ये उलटा स्लॅश घ्यावा लागला, तो विंडोजमध्ये आजही तसाच आहे.

सिएटल कॉम्प्युटरकडे एक गोष्ट उरली होती, मायक्रोसॉफ्टला पैसे न देता स्वतःच्या हार्डवेअरबरोबर डॉस विकायचा हक्क. तो दुसऱ्या कुणाला विकता येतो का यावर पुढे कोर्टकज्जा झाला आणि १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ९,२५,००० डॉलर देऊन तो मिटवला, म्हणजे आधी पूर्ण सिस्टिमसाठी मोजले त्याच्या बारापट.