जागेवर उभं राहून रॅप केलं की एनर्जी कमी? या भांडणाची जुनी गोष्ट

टिळक रोडच्या मागच्या गल्लीतल्या अमृततुल्यबाहेर आमचा कट्टा असतो, तिथे गेले पंधरा दिवस एकच वाद चालूय. कुणीतरी मोबाईल बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवतं, स्क्रीनवर टायनी डेस्क, म्हणजे अमेरिकेतल्या एका रेडिओच्या ऑफिसात होणारा गाण्यांचा छोटा कार्यक्रम, त्यात पन्नाशीला आलेला एखादा अमेरिकन रॅपर पुस्तकांच्या कपाटासमोर उभा, मागे व्हायोलिनवाले, आणि गडी निवांत रॅप करतोय. विशीतली पोरं म्हणतात, "काकांची बॅटरी उतरली राव." आम्ही चाळिशीकडे झुकलेले लगेच अंगावर जातो. एनर्जी एनर्जी सगळेच करतात पण पोरं बघतात पायांकडे आणि आम्ही बघतो दमसासाकडे, मग मिटणार कसं.

मुळात रॅप सुरूच छोट्या खोलीत झालं. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स, १५२० सेजविक अव्हेन्यू ही बिल्डिंग आणि तिच्यातली एक कॉमन खोली, आपल्याकडे सोसायटीत हळदीकुंकवाला वापरतात तसली. सिंडी कॅम्पबेलला शाळा सुरू व्हायच्या आधी नवीन कपडे घ्यायचे होते, पैसे हवेत म्हणून तिनं पार्टी ठेवली, मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्ड वाजवायला घरचाच माणूस, भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. कोक ला रॉक नावाचा दोस्त माईकवरून ओळखीच्यांची नावं घेऊन त्यांना चढवत होता, बस, रॅपर म्हणजे एवढंच. घाम नाचणाऱ्यांना यायचा.

मग रॅप मोठं झालं आणि मैदानात गेलं. १९८६ मध्ये रन-डीएमसी या रॅप ग्रुपनं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या मोठ्या हॉलमध्ये पब्लिकला सांगितलं की पायातला आदिदास काढून वर धरा, आणि हजारो लोकांनी बूट वर धरले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेला तुमचा चेहरा दिसत नाही, शब्द तर त्याहून कमी कळतात, मग दिसणार काय, तर उड्या. तिथून एनर्जीचं माप बदललं असं माझं मत आहे. हाइप मॅनचं, म्हणजे मेन रॅपरसोबत दुसरा माईक घेऊन उभ्या जोडीदाराचं, महत्त्वही अशाच स्टेजवर कळतं. त्याचं खरं काम ओरडणं नाहीये, ओळीचे शेवटचे दोनतीन शब्द तो उचलतो म्हणजे मेन रॅपरला श्वास घ्यायला जागा मिळते. आमच्यातल्या एकानं मागे हे करून बघितलं, ट्रॅक नाही, जोडीदार नाही, नुसता तोंडानं एक आख्खा व्हर्स, म्हणजे रॅपचं कडवं, तर सहाव्या ओळीला धाप लागली आणि पाणी मागितलं. हाइप मॅनपेक्षा सोपी सोय म्हणजे रेकॉर्डमधला स्वतःचाच आवाज मागे चालू ठेवायचा आणि वरून अधूनमधून बोलायचं. पब्लिकला कळत नाही. किंवा कळतं पण चालतं.

मोठ्या स्टेजवरून परत खोलीत यायचा पहिला गाजलेला प्रकार १९९१ चा. एमटीव्हीच्या अनप्लग्ड या छोट्या स्टेजवरच्या साध्या वाद्यांच्या कार्यक्रमात त्या वर्षी रॅपवाल्यांचा एक भाग झाला, डे ला सोल, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, एमसी लाइट आणि एलएल कूल जे, मागे खराखुरा बँड. एलएल तेव्हा २३ वर्षांचा, हात वर केला की बगलेतले डिओडरंटचे पांढरे डाग कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात, इतका कॅमेरा जवळ, आणि तरी गडी असला पेटलाय की लोक आजही तोच व्हिडिओ काढून दाखवतात. बरोबर दहा वर्षांनी जे-झी आला, द रूट्स बँडला घेऊन, अंगात चे गव्हेराचा टीशर्ट. उड्याबिड्या काही नाही, त्यानं स्वतःच गमतीत कार्यक्रमाला कवितावाचन म्हणून टाकलं. (पुण्यात हे ऐकून कुणी दचकणार नाही, आपल्याकडे कवितावाचनाला पण हाउसफुल्लचे बोर्ड लागतात.)

टायनी डेस्क मात्र रॅपसाठी काढलेलाच नव्हता. लॉरा गिब्सन ही हळू आवाजात गाणारी बाई, ऑस्टिनमधल्या एका बारमध्ये गर्दीच्या कलकलाटात तिचं गाणं ऐकूच येईना. एनपीआर रेडिओचे बॉब बॉयलेन आणि स्टीफन थॉम्प्सन तिथे होते, चेष्टेत म्हणाले की तू आमच्या ऑफिसातच येऊन गा. ती २००८ मध्ये खरंच वॉशिंग्टनला बॉयलेनच्या टेबलापाशी येऊन गायली आणि तिथून हा कार्यक्रम सुरू झाला. तिथे गाणाऱ्यासमोर मॉनिटर स्पीकर, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकायचे स्पीकर, नसतात, ढोल-गिटार सगळ्यांनी गाणाऱ्याच्या आवाजापेक्षा मोठं वाजवायचं नाही, ऐकायला पाचपन्नास ऑफिसवाले. म्हणजे लपायला जागाच नाही. २०१४ मध्ये टी-पेन हा अमेरिकन गायक-रॅपर ऑटोट्यून, म्हणजे आवाज मशीननं सुरात आणायची सोय, न लावता तिथे गायला आणि ह्याला गळा आहे हे बऱ्याच जणांना तेव्हा कळलं.

खरा भडका उडाला तो ऑगस्ट २०२१ मध्ये, व्हर्झुझच्या सामन्यात, म्हणजे दोन पार्ट्या आळीपाळीनं आपापली गाणी घेऊन भिडतात तो कार्यक्रम. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्याच आवारातलं थिएटर, एकीकडे डिपसेट, दुसरीकडे द लॉक्स, दोन्ही न्यूयॉर्कचे जुने जाणते. डिपसेटवाले रेकॉर्डमधल्या स्वतःच्या आवाजावर बोलत होते, आणि द लॉक्समधला ४६ वर्षांचा जेडाकिस नुसत्या बीटवर, एक शब्द न गाळता. वर स्टेजवरून टोमणे पण मारले. त्या रात्रीनंतर जुन्या रॅपरचा नवा व्हिडिओ आला की लोक आधी बघतात, मागे आवाज चालू आहे का?

आपल्याकडच्या पोरांचा पण दोष नाही म्हणा. ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला, त्याच्या आसपास रॅप ऐकायला लागलेल्यांनी लाईव्ह रॅप बघितलं तेच मैदानात, बॅरिकेडला चिकटून, धक्काबुक्कीत. त्यांना कपाटासमोरचा माणूस थंडच वाटणार. पण याच गावात २००७ च्या सवाईत भीमसेनजी बऱ्याच काळानं गायला बसले होते, तेव्हा पंडितजी उड्या का मारत नाहीत असं कुणी विचारलं नाही. बैठकीची लावणी आणि फडाची लावणी एका फुटपट्टीनं मोजायची नसते हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, मग इथंच काय होतं?

जुव्हेनाइलचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. न्यू ऑर्लीन्सचा हा रॅपर गडी, २०२३ मध्ये कुणीतरी ट्विटरवर त्याला टायनी डेस्क कर म्हणालं, तर यानं हे काय असतं म्हणून शिवी हाणून थेट नाही सांगितलं. दोनतीन महिन्यांत हजर. ४८ वर्षांचा, सोबत मॅनी फ्रेश, ट्रॉम्बोन शॉर्टी, जॉन बॅटिस्ट हे संगीतकार, शिवाय तारवाद्यं, ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यं. पंचवीसेक वर्षांपूर्वीचं त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं झालं आणि ऑफिसवाले गप्पच बसेनात, वन्स मोअर, वन्स मोअर. त्यानं बँडकडे बघितलं आणि तेच गाणं पहिल्यापासून परत घेतलं.