जस्त जमिनीत असते, पिकाला मिळत नाही

वनस्पतींना जस्त लागते हे प्रयोगशाळेत फार लवकर कळले होते. 1869 मध्ये फ्रान्समध्ये रॉलँ यांनी काळ्या बुरशीची वाढ जस्तावाचून खुंटते हे दाखवले. 1926 मध्ये सोमर आणि लिपमन यांनी सातू व सूर्यफुलावर तेच सिद्ध केले. पुढच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फळबागांत पाने बारीक राहण्याचा विकार जस्ताने बरा झाला. धान्यपिकांची पाळी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली.

ती आली हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या तराईच्या भातशेतीत. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत रोपे जागच्या जागी थांबत. पानाचा बुडाकडचा भाग आधी फिकट पडे, मग त्यावर तांबूस ठिपके उमटून एकमेकांत मिसळत आणि शेत काताच्या रंगाचे दिसे. म्हणून नाव पडले खैरा. 1966 मध्ये पंतनगरच्या कृषी विद्यापीठातील वनस्पती रोगशास्त्रज्ञ डॉ. य. ल. नेने यांनी हा रोग नसून जस्ताची उणीव असल्याचे दाखवले. उपायही साधा होता: हेक्टरी 5 किलो झिंक सल्फेट आणि 2.5 किलो विरवलेला चुना, 1000 लिटर पाण्यात. यातला चुना अजिबात वगळू नये. नुसते झिंक सल्फेट आम्लधर्मी असते, त्याने पाने करपतात.

उणीव नेमकी त्याच काळात ठळक का झाली? जास्त उत्पादन देणारे वाण दर हंगामाला जास्त जस्त उचलू लागले आणि शेणखत कमी झाले. पण मुळातली अडचण जमिनीच्या स्वभावात आहे. सामू (पीएच, म्हणजे जमिनीची आम्लता-विम्लता दाखवणारा अंक) एकाने वाढला की जस्ताची विद्राव्यता सुमारे शंभरपटीने घटते. चुनखडीच्या जमिनीत म्हणूनच एकूण जस्त भरपूर असूनही मुळांच्या हाती काही लागत नाही. भातखाचरात साचलेले पाणी त्यात भर घालते.

त्यामुळे एकूण जस्त मोजून उपयोग नव्हता. लिंडसे आणि नॉर्वेल यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेली डीटीपीए चाचणी उपलब्ध जस्तच मोजते. साधारण 0.6 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 0.6 भाग) कमी आले तर हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट (21 टक्के जस्त) पेरणीपूर्वी मातीत मिसळतात. 33 टक्क्यांचे असेल तर 16 किलो पुरते. एका मात्रेचा परिणाम बहुधा दोन-तीन पिकांना मिळतो, म्हणून दर हंगामाला टाकणे म्हणजे पैसा वाया.

सर्वांत जास्त नुकसान होते ते झिंक सल्फेट डीएपी या स्फुरदयुक्त खतात मिसळून टाकल्याने. स्फुरदाशी संयोग होऊन न विरघळणारे झिंक फॉस्फेट बनते. शेतकरी म्हणतो, जस्त दिले तरी मका फिकटच. आणि पाहावे तर मुख्य शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे, शीर व कडा मात्र हिरव्या.

1990 च्या दशकात तुर्कस्तानच्या मध्य अनातोलियात जस्त दिल्याने गव्हाचे उत्पादन वाढले आणि दाण्यातल्या जस्ताकडेही लक्ष गेले. दाण्यातले जस्त वाढवण्यासाठी फुलोऱ्यानंतर, दाण्यात चीक भरताना झिंक सल्फेटची 0.5 टक्क्याची फवारणी घेतात. उत्पादन मात्र तिने फारसे वाढत नाही, कारण फुटवे आणि ओंब्या तोवर ठरलेल्या असतात.