धर्मादाय खातं आणि जबाबदारी: सराफी धंद्यातल्या दोन वेगळ्या गोष्टी

सराफी पेढीच्या जुन्या वहीत 'धर्मादाय खाते' नावाचं एक पान हमखास सापडतं. गेली वीस-बावीस वर्षं मी सराफांचे हिशेब लिहितो आहे, त्यामुळे अशी पानं पुष्कळ चाळली आहेत. रकमा लहान असतात. देवळाच्या उत्सवाला, गोशाळेला, उन्हाळ्यातल्या पाणपोईला, एखाद्या हुशार मुलाच्या फीला. आता त्यातल्या काही पेढ्यांच्या कंपन्या झाल्या आणि त्यांच्या वार्षिक अहवालात 'सामाजिक जबाबदारी' (इंग्रजीत कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजेच सीएसआर) असं प्रकरण आलं. मालकांना, गिऱ्हाइकांना आणि माझ्या हाताखालच्या नव्या मुलांनाही दोन्ही एकच वाटतं. "पूर्वी दान म्हणायचे, आता सीएसआर म्हणतात," असं मला कित्येकांनी ऐकवलं आहे.

मला हे पटत नाही, आणि हा नुसता शब्दांचा घोळ आहे असंही वाटत नाही. या गल्लतीमुळे धंद्यातल्या काही माणसांचं खरोखर नुकसान होतं.

आधी दानाकडे पाहू. दानात पहिला प्रश्न असतो तो पैसा कोणाचा याचा. जुन्या व्यापारात धर्मादायाची रक्कम पुष्कळदा गिऱ्हाइकाकडूनच घेतली जायची. बिलात मालाची किंमत, मजुरी आणि खाली एका ओळीत धर्मादाय. व्यापारी ती गोळा करायचा आणि पुढे धर्मकार्याला द्यायचा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात, म्हणजे आपल्याकडे धर्मादाय आयुक्त ज्या कायद्याखाली काम करतात त्यात, कलम ५४ यासाठीच आहे. धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम व्यापाऱ्याकडे विश्वस्त म्हणून राहते, असं ते कलम सांगतं. पुढे १९७९ साली बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं: गिऱ्हाइकाकडून धर्मादायापोटी घेतलेला पैसा व्यापाऱ्याचं उत्पन्न नव्हे.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. आज सणासुदीला दुकानांत फलक लागतात, 'आपल्या प्रत्येक खरेदीतला काही भाग मुलींच्या शिक्षणासाठी'. हा भाग दुकानाच्या नफ्यातून जाणार असेल तर ते दुकानाचं दान. तो बिलात वेगळा लावून घेतला असेल तर ते तुमचं दान, दुकान फक्त पोचवणारं. दोन्ही चांगलं आहे, पण आभाराचं पत्र कोणाच्या नावाने यावं हे त्यावरून ठरतं. विचारायला लाजू नका.

दुसरा प्रकार मालकाच्या खिशातल्या दानाचा. त्याला हिशेब लागतो तो सवलतीपुरता. संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारं, प्रमाणपत्र आहे का, रक्कम चेकने दिली का (दोन हजारांच्या वर रोख दिलं तर वजावट मिळत नाही), एवढं पाहिलं की झालं. बाकी ते पूर्ण मालकाच्या मर्जीवर. यंदा दिलं, पुढच्या वर्षी नाही दिलं, कोणी जाब विचारणार नाही. मला या दानाबद्दल मनापासून आदर आहे. झवेरी बाजारातून भुलेश्वरकडे चालत गेलं की मुंबईची पांजरापोळ लागते. सर जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्या काळच्या शेठलोकांनी १८३४ मध्ये ती उभी केली. दान असं पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतं.

आता सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ ने ती आली. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी मर्यादा गाठली की कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. सोन्याच्या धंद्यात उलाढाल फुगीर आणि नफा पातळ असतो, कारण विकल्या गेलेल्या प्रत्येक तोळ्याची पूर्ण किंमत उलाढालीत मोजली जाते. समजा एखाद्या कंपनीची उलाढाल हजार कोटींची आणि सरासरी नफा वीस कोटींचा. तिला खर्च करायचे आहेत चाळीस लाख. आकडा ऐकून गिऱ्हाईक चकित होतं, पण हिशेब नफ्यावर आहे. शिवाय हे सगळं कंपन्यांना लागू आहे. गावातली एकट्याच्या मालकीची किंवा भावाभावांच्या भागीदारीतली पेढी यात येतच नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक पेढ्या अजून तशाच आहेत.

२०२१ पासून नियम कडक झाले. चालू प्रकल्पातली न खर्चलेली रक्कम वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते, इतर शिल्लक सरकारी निधीत भरावी लागते, चुकलं तर दंड आहे. म्हणजे मर्जी संपली आणि सक्ती आली. यावरून लोकांना वाटतं की दान आणि जबाबदारी यांतला फरक तो हाच, एक ऐच्छिक आणि दुसरी सक्तीची.

माझं म्हणणं वेगळं आहे. कायद्यातली सीएसआर नावाने जबाबदारी आहे, स्वभावाने मात्र ती दानच आहे. दोन्हींत पैसा नफा झाल्यावर बाहेर पडतो आणि धंद्याच्या बाहेरच्या माणसाकडे जातो. कायदा तर तसं बजावूनच सांगतो. धंद्याच्या नेहमीच्या कामकाजाचा भाग असलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. कंपनीच्या स्वतःच्या नोकरांच्या फायद्याचा खर्चही धरता येत नाही, आणि मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व तर नाहीच. कायद्याचं यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पगार देऊन तो समाजकार्यात दाखवायची पळवाट बंद करायला हे हवंच होतं. पण त्यामुळे 'जबाबदारी' या शब्दाखाली जे छापलं जातं त्यात धंद्याच्या आतलं काहीच येत नाही.

आणि सोन्याच्या धंद्यात आतलं पुष्कळ आहे.

झवेरी बाजारात पोटमाळ्यावरचा एखादा कारखाना पाहा. शिडीने वर जायचं, मान वाकवूनच बसायचं. सात-आठ कारागीर, बहुतेक बंगालमधले, प्रत्येकापुढे ठेंगणी लाकडी बैठक. कानशीचा कीस पडेल तो झेलायला खाली खण. संध्याकाळी उठताना कारागीर हात धुतो ते पाणीसुद्धा पिंपात साठवतात, जमीन झाडून निघालेली धूळ पोत्यात भरतात, कारण त्यात सोनं असतं. ती धूळ झारेकरी विकत घेतात, धुतात, पारा आणि तेजाब (ॲसिड) वापरून तिच्यातून कण काढतात. सोन्याचा कण वाया जाऊ नये यासाठी इतकी पक्की व्यवस्था. डाख देताना (म्हणजे दागिन्याचे तुकडे जोडताना) आणि तेजाबात दागिना उजळताना उठणारा धूर मात्र त्याच खोलीत घुटमळतो, नाहीतर धुराड्यातून शेजारच्या चाळीत जातो. काळबादेवी-भुलेश्वरचे रहिवासी या धुराड्यांबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत.

केडीएमचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. दागिन्याचे तुकडे जोडायला डाख लागतो. पूर्वी त्यात तांब्याचं प्रमाण जास्त असे, त्यामुळे दागिना आटवला की कस उतरायचा आणि गिऱ्हाईक फसायचं. मग कॅडमियमचा डाख आला: ९२ भाग सोनं, ८ भाग कॅडमियम. कस टिकला, गिऱ्हाईक खूश झालं, 'केडीएम दागिने' अशा पाट्या लागल्या. पण कॅडमियम साधारण ७६७ अंशांना उकळतं आणि सोनं वितळायला १,०६४ अंश लागतात. जोड देताना कॅडमियमची वाफ होणारच, आणि ती फुंकणी घेऊन वाकलेल्या माणसाच्या छातीत जाणार. तिथून फुप्फुसं आणि मूत्रपिंडं. गिऱ्हाइकाच्या कसाची किंमत कारागिराने श्वासातून मोजली. पुढे जस्त आणि इतर धातूंचे डाख आले. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय विक्री होत नाही. ही मोठी सुधारणा आहे. फक्त हॉलमार्क सांगतो तो धातूचा कस. दागिना कुठल्या खोलीत घडला हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

मजुरीचंही तसंच. समजा घडणावळ, म्हणजे दागिना घडवण्याबद्दल गिऱ्हाइकाकडून घेतात ती रक्कम, सोन्याच्या किमतीच्या बारा टक्के आहे. सोनं तोळ्याला पन्नास हजार होतं तेव्हा एका तोळ्याच्या दागिन्यावर गिऱ्हाइकाने सहा हजार घडणावळ दिली. भाव लाखावर गेला की तीच घडणावळ बारा हजार होते. कारागिराचे हात दोन्ही वेळा तेवढेच चालले, आणि मी पाहिलेल्या वह्यांत त्याची ग्रॅमवारी मजुरी भावाबरोबर दुप्पट झाली नव्हती. घडवताना सोन्यात येणारी घट ठरल्यापेक्षा जास्त निघाली तर ती मात्र त्याच्याच खात्यातून, आणि तीही आजच्या भावाने. अशा पेढीने रक्तदान शिबिर घेतलं तर ते चांगलंच काम आहे, मी स्वतः रक्त दिलं आहे. पण ते त्या मजुरीचं उत्तर होऊ शकत नाही.

जबाबदारी म्हणजे माझ्या लेखी हे: नफा कसा झाला याची झडती. डाख कुठला, हवा खेळती आहे का, घट कोणाच्या माथी, मोडीत आलेल्या जुन्या सोन्याचं वजन गिऱ्हाइकासमोर केलं का, दागिन्यातल्या खड्यांचं वजन सोन्याच्या भावाने लावलं का. यातल्या कशाचाच फोटो निघत नाही. काही मोठ्या कंपन्यांनी हे ओळखलं. टायटनने तनिष्कच्या कारागिरांसाठी 'कारागीर पार्क' उभारली, उजेड आणि हवा असलेल्या जागेत काम. माझ्या दृष्टीने ही त्या कंपनीच्या शिष्यवृत्त्यांपेक्षा वेगळ्या जातीची गोष्ट आहे. शिष्यवृत्ती थांबली तरी दागिना तसाच घडत राहील. पार्क बंद झालं तर घडण्याची रीतच बदलेल.

हिऱ्यांबद्दल थोडंच सांगतो. २००३ पासून चालू असलेली किंबर्ली प्रक्रिया लोक 'नैतिक हिरा' या अर्थाने घेतात. तिची व्याख्या अरुंद आहे: बंडखोर टोळ्यांच्या युद्धाला पैसा पुरवणारे कच्चे हिरे अडवणं. खाणीतली मजुरी आणि पैलू पाडणाऱ्याची फुप्फुसं तिच्या कक्षेत येत नाहीत. विक्रेत्याने ते प्रमाणपत्र दाखवलं तर ते तेवढ्यापुरतंच वाचावं.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचे हिशेब पाहत होतो. तीन दुकानं आणि स्वतःचा छोटा कारखाना. नफ्याने पाच कोटींची मर्यादा पहिल्यांदाच ओलांडली होती. मालकांच्या मुलाने कारखान्यात प्रत्येक बैठकीवर धूर ओढून घेणारी नळी आणि छतावर धूर धुणारं यंत्र बसवलं होतं. खर्च सीएसआरच्या रकमेपेक्षा जास्त झाला होता. तो बिल घेऊन आला. "काका, हे सीएसआरमध्ये घालू या ना? याच्याइतकं समाजकार्य आम्ही दुसरं केलेलं नाही." मी त्याला नियम दाखवला. कारखाना तुमचा, काम रोजचं, माणसं तुमची, यात बसत नाही. त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "मग शाळेला वेगळे देऊ. हे राहू दे." शाळेची देणगी अहवालात गेली, फोटोसकट. नळ्यांचं बिल मी 'यंत्रसामग्री' खात्यावर लिहिलं.