डुप्लिकेट कंटेंटचं भूत आणि सगळ्यात लहान नंबराची गंमत

परवा एका मित्राचा फोन आला, आवाज घाबरलेला. त्याच्या वेबसाईटचं कुणीतरी ऑडिट करून दिलं होतं आणि रिपोर्टमध्ये लाल अक्षरात लिहिलेलं, डुप्लिकेट कंटेंट (म्हणजे एकच मजकूर एकापेक्षा जास्त पत्त्यांवर) सापडला, गुगलची पेनल्टी, म्हणजे सर्चमध्ये खाली ढकलायची शिक्षा, बसणार. आता ही पेनल्टी म्हणजे इंटरनेटवरचं भूत आहे, बघितलंय कुणीच नाही पण उतरवून द्यायला मांत्रिक हजर. गुगलने २००८ सालीच सांगून टाकलंय की डुप्लिकेट कंटेंटची अशी सरसकट पेनल्टी नसते, मुद्दाम फसवायला केलं असेल तर गोष्ट वेगळी. २०१३ मध्ये गुगलच्या वेबस्पॅम (फसवी पानं पकडणाऱ्या) टीमचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स म्हणाले होते की वेबवरचा साधारण २५ ते ३० टक्के मजकूर डुप्लिकेटच असतो. सगळ्यांना शिक्षा करायची तर पाव इंटरनेट आत जाईल!

मग रँकिंगवर परिणाम होतो तो कसा? साधं आहे. एकसारखी पानं दिसली की सर्च इंजिन त्यांचा एक गठ्ठा बांधतं, त्यातलं एक पान निवडतं आणि बाकीची रिझल्टमध्ये दाखवत नाही. ते निवडलेलं पान तुमचं नसलं तर तुम्ही गायब.

पण दोन पानं "जवळपास सारखी" आहेत हे मशीनला कळतं कसं, हा माझा आवडता भाग, इथे मी जरा रेंगाळणार आहे. साधा हॅश वापरला, म्हणजे अख्ख्या पानाचा गणिताने काढलेला एक नंबर, तर एक स्वल्पविराम बदलला तरी नंबर पार बदलतो, त्यामुळे फक्त तंतोतंत कॉप्या सापडतात. आणि एकेक जोडी घेऊन तुलना करायची तर ८०० कोटी पानांच्या जोड्या होतात ३२ वर १८ शून्यं इतक्या. विसराच.

१९९७ साली संशोधक अँड्रे ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी अल्टाव्हिस्टा या जुन्या सर्च इंजिनच्या साधारण ३ कोटी पानांवर एक भन्नाट युक्ती केली. मजकुराचे एकमेकांवर चढलेले तुकडे पाडायचे, छपरावरच्या कौलांसारखे, म्हणून त्यांना शिंगल म्हणतात. समजा वाक्य आहे "चंद्र पृथ्वीभोवती फिरतो आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते". तीन-तीन शब्दांचे तुकडे पाडले की "चंद्र पृथ्वीभोवती फिरतो", "पृथ्वीभोवती फिरतो आणि", "फिरतो आणि पृथ्वी" असे एकूण ५ शिंगल मिळतात. आता "आणि"च्या जागी "तर" घाला. मधले ३ तुकडे बदलले, २ तसेच राहिले. दोन्ही वाक्यांचे मिळून वेगवेगळे तुकडे ८, त्यातले सामाईक २, म्हणजे साम्य २५ टक्के. वाक्य चिमुकलं आहे म्हणून इतकं कमी, हजार शब्दांच्या लेखात मधला एक शब्द बदलला तर साम्य ९९ टक्क्यांच्या वरच राहतं.

आता खरी जादू. प्रत्येक शिंगलला हॅशने एक नंबर द्या, सारख्या तुकड्याला कायम सारखाच नंबर, पण कुठल्या तुकड्याला कुठला हे बघायला गेलं तर लॉटरीसारखं. प्रत्येक पानाचा फक्त सगळ्यात लहान नंबर ठेवा, बाकीचे फेकून द्या. दोन पानांचे हे लहान नंबर जुळण्याची शक्यता किती? दोन्ही पानांचे तुकडे एकाच पिशवीत टाकले असं समजा. आपल्या उदाहरणात ८ तुकडे, सगळ्यात लहान नंबर कुणालाही लागू शकतो, सगळ्यांना सारखा चान्स. तो सामाईक २ पैकी एकाला लागला तरच दोन्हीकडे तोच नंबर येणार. म्हणजे शक्यता ८ पैकी २, बरोब्बर आपलं साम्य! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वही-पेन घेऊन तीनदा करून बघितलं होतं. मग हेच २०० वेगवेगळ्या हॅशनी करायचं, २०० पैकी १५० जुळले तर साम्य सुमारे ७५ टक्के, चूक साधारण ३ टक्के इकडे-तिकडे. अख्खं पान साठवायला नको, २०० नंबर पुरे. याला मिनहॅश म्हणतात.

२००२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ मोझेस चारीकर यांनी अजून पुढची युक्ती काढली, सिमहॅश, त्यात प्रत्येक तुकड्याच्या हॅशमधला एकेक बिट (० किंवा १) अधिक किंवा उणे मत देतो आणि शेवटी बेरजेच्या चिन्हावरून पानाचा ठसा बनतो, म्हणजे जवळच्या पानांचे ठसे थोड्याच बिटांनी वेगळे निघतात. गुगलच्या लोकांनी २००७ च्या शोधनिबंधात ८०० कोटी पानांसाठी ६४ बिटांचे ठसे आणि जास्तीत जास्त ३ बिटांचा फरक पुरेसा ठरतो असं दाखवलं. हा परिच्छेद डोक्यावरून गेला तर सोडून द्या, पुढे काही अडत नाही.

आता मित्राच्या साईटवर येऊ. त्याने कुणाचंच काही चोरलं नव्हतं. डुप्लिकेट होतं ते त्याचंच! एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय, शेवटी स्लॅश असलेला आणि नसलेला, २ गुणिले २ गुणिले २, एकाच पानाचे ८ पत्ते, वर सॉर्ट आणि फिल्टरचे वेगळेच. माणसाला ते एक पान वाटतं, क्रॉलरला (सर्च इंजिनसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला) ८. बाहेरून आलेल्या लिंकाही त्यात वाटल्या जातात. गुगल बऱ्याचदा स्वतःच गठ्ठा बांधून घेतं, पण निवड त्याच्यावर कशाला सोडायची?

उपाय जुनेच आहेत. एक पत्ता ठरवायचा, बाकीचे ३०१ रीडायरेक्टने, म्हणजे "पान कायमचं तिकडे हललंय" या निरोपाने, तिकडे वळवायचे, साईटच्या आतल्या लिंका आणि साईटमॅपमध्येही (सर्च इंजिनला दिलेल्या पत्त्यांच्या यादीत) तोच द्यायचा. फिल्टरवाली पानं चालू ठेवायची असतील तर त्यांच्यावर कॅनॉनिकल टॅग, म्हणजे "मूळ पान ते धरा" असं सांगणारी कोडमधली एक ओळ, जी फेब्रुवारी २००९ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आणली. पण टॅग म्हणजे हुकूम नव्हे, विनंती आहे, बाकीच्या खुणा उलट बोलत असतील तर गुगल दुसरंच पान निवडतं. आणि रोबोट्स फाईलने (क्रॉलरने कुठे जायचं नाही ते सांगणारी फाईल) ती पानं अडवू नका, अडवलेलं पान क्रॉलर वाचतच नाही मग त्यातला टॅग दिसणार कसा. भाषांतराला घाबरायचं कारण नाही, नीट केलेलं भाषांतर डुप्लिकेट धरत नाहीत.

शब्द बदलून "१०० टक्के युनिक" करून देणारी टूल्स विकतात त्यांचं काय? शिंगल चुकवता येतात, खोटं कशाला बोला, पण पानात नवीन काहीच नसतं आणि दुसऱ्याचा मजकूर उचलून समानार्थी शब्द घालणं हे स्पॅमच, असं गुगलच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलंय.

मित्राचे रीडायरेक्ट अर्ध्या तासात लागले. उरलं होतं वस्तूंचं वर्णन, ते त्याने कंपनीच्या माहितीपत्रकातून जसंच्या तसं घेतलेलं, आणि तीच वस्तू विकणाऱ्या बाकी सगळ्यांनीही. ते आता तो एकेक करून वस्तू हातात घेऊन स्वतः लिहितोय, काल फोनवर म्हणाला की चाळीस झाली, आणि वैतागलाय.