व्हीएचं बिल विमा कंपनीकडे का जातं?

“तुमचा दुसरा काही आरोग्य विमा आहे का?” अमेरिकेत व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिक व्यवहार विभागाच्या, दवाखान्यात नाव नोंदवताना हा प्रश्न हमखास येतो. १०-१०ईझेड या नोंदणी अर्जात त्यासाठी वेगळा भाग आहे, आणि बायकोच्या नोकरीतून मिळालेली पॉलिसीसुद्धा त्यात लिहावी लागते. विमा असो वा नसो, उपचार मिळतातच. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन हॉस्पिटलांचे क्लेम हाताळणाऱ्यांनाही व्हीएचा क्लेम जरा विचित्र वाटतो. त्याचं कारण इतिहासात आहे: कुणालाही बिल द्यायचंच नाही या हिशेबाने उभी राहिलेली ही यंत्रणा नंतर बिलं करायला लागली.

खर्च सरकारी तिजोरीतून व्हायचा, तेव्हा कोणत्या तपासणीला किती पैसे लागले हे लिहून ठेवायची गरजच नव्हती. खाजगी विमा कंपन्यांनीही याचा फायदा घेतला. ‘सरकारी रुग्णालयातल्या उपचारांचे पैसे देणार नाही’ अशी कलमं पॉलिसीत सर्रास असत. म्हणजे हप्ते घ्यायचे आणि खर्च करदात्यावर टाकायचा. १९८१च्या कायद्याने वसुलीची वाट उघडली, पण ती मुख्यतः कामावरच्या दुखापती, वाहन अपघात असल्या प्रकरणांपुरती. खरा बदल ७ एप्रिल १९८६ला सही झालेल्या ‘कोब्रा’ कायद्याने झाला. सैन्यातल्या सेवेशी संबंध नसलेल्या आजाराचा खर्च विमा कंपनीकडून घ्यायचा अधिकार व्हीएला मिळाला आणि पॉलिसीतली ती कलमं निरुपयोगी ठरली. तरी सेवेतल्या दुखापतीबद्दल अपंगत्व मंजूर झालेले सैनिक यातून बाहेर होते. १९९०मध्ये त्यांच्याही इतर आजारांची बिलं सुरू झाली. ५० टक्के वा त्याहून जास्त अपंगत्व असलेला माणूस स्वतः सहसा कोपे, म्हणजे उपचारामागे रुग्णाने भरायची ठरावीक रक्कम, देत नाही, पण त्याच्या विमा कंपनीला बिल जातं, ते तेव्हापासून.

वसुली मात्र रडतखडत चालली. वसुलीचा खर्च वजा करून उरलेले पैसे तिजोरीत जमा होत. रुग्णालयाच्या पदरात काहीच पडत नसेल, तर तिथला कारकून कशाला जीव काढेल? १९९७च्या कायद्याने वेगळा निधी काढला आणि वसूल झालेला पैसा व्हीएकडेच राहू लागला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं हेच निर्णायक वळण, कारण वसुलीत रस असलेला माणूस तेव्हा प्रथम तयार झाला.

दराचं कोडं तरीही उरलं होतं. तोवर आंतररुग्णाला विभागवार रोजचा ठरावीक दर आणि बाह्यरुग्णाला भेटीमागे सरसकट एकच रक्कम लागे. चार टाके घातले काय आणि महागडं स्कॅन काढलं काय, आकडा तोच. सप्टेंबर १९९९पासून ‘वाजवी आकार’ पद्धत आली. त्या भागातल्या खाजगी रुग्णालयांचे आकार, पिनकोडसारख्या झिप कोडचे पहिले तीन आकडे धरून, ८०व्या पर्सेंटाइलच्या पातळीवर लावायचे. त्यासाठी प्रत्येक उपचाराला कोड हवा. कोड टाकायची सवय नसलेल्या डॉक्टरांची नोंद अपुरी असली की कोडरला, म्हणजे नोंदीवरून कोड लावणाऱ्या कर्मचाऱ्याला, बिल खालच्या पातळीवर करावं लागे, नाहीतर ते तसंच पडून राही. ही दुखणी आजही पुरती गेलेली नाहीत.

सगळ्यात नाजूक जागा आहे ती डॉक्टरांच्या खुणेची. तपासणी संपली की संगणक विचारतो: आजची भेट सेवेतून उद्भवलेल्या आजारासाठी होती का? एजंट ऑरेंजशी (व्हिएतनाम युद्धात फवारलेलं वनस्पतिनाशक), किरणोत्सर्गाशी संबंध आहे का? मधुमेहाचंच घ्या. व्हिएतनाममध्ये लढलेल्यांचा टाइप २ मधुमेह २००१पासून एजंट ऑरेंजमुळे झाला असं गृहीत धरतात. त्यामुळे असा दावा मंजूर झालेल्याच्या साखरेच्या तपासणीचं बिल विमा कंपनीला पाठवता येत नाही. शेजारच्या खुर्चीतला, गुडघ्यासाठी ३० टक्के अपंगत्व मंजूर झालेला माणूस तीच तपासणी करून घेतो, तेव्हा बिल जातं. खूण चुकली तर एक तर बेकायदा बिल निघतं किंवा हक्काची वसुली बुडते.

बिल गेलं की रुग्णाचा कोपे ९० दिवस रोखून ठेवतात. विम्याचे पैसे आले की ते डॉलरला डॉलर कोपेतून वळते होतात. तज्ज्ञाच्या भेटीचा कोपे ५० डॉलर आहे आणि कंपनीने ३० दिले, तर सैनिकाने २० द्यायचे; ६० दिले तर काहीच नाही. कंपनीने नाकारलेली बाकी सैनिकाच्या माथी मारता येत नाही. व्हीएचं बिल पाहून बऱ्याच कंपन्या रक्कम डिडक्टिबलमध्ये (विमा लागू होण्याआधी वर्षाला स्वतः सोसायच्या खर्चात) धरतात, त्यामुळे विमा सांगण्यात सैनिकाचा बहुधा फायदाच असतो.

मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या केंद्र सरकारच्या विम्याला, मात्र बिल पाठवता येत नाही. केंद्राच्या एका खिशातून दुसऱ्यात पैसे टाकण्याला कायद्याचीच मनाई आहे. मेडिकेअरच्या जोडीला घेतलेल्या पूरक विम्याला बिल चालतं, पण ती कंपनी आधी मेडिकेअरने किती मंजूर केले याचा कागद मागते. मग मेडिकेअरच्या कंत्राटदाराकडून पैसे न देता फक्त हिशेब मांडलेला तसा कागद बनवून घेतात! फक्त ठरलेल्या यादीतल्या डॉक्टर-रुग्णालयांचेच पैसे देणाऱ्या एचएमओ पॉलिसीचं दुखणं वेगळं: व्हीए त्यांच्या यादीत नसल्याने क्लेम सरळ नाकारला जातो.

प्रत्येक रुग्णालय आपापलं बिलिंग करी, तेव्हा पाठपुरावा ठिसूळ होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलचा एकत्रित केंद्राचा प्रयोग जमला आणि २००८च्या कायद्याने देशभर अशी सात केंद्रं उभी करायला लावली. २०१८च्या मिशन कायद्याने आणखी एक अडसर काढला. व्यसनमुक्ती, एचआयव्ही आणि सिकल सेल यांच्या नोंदी विमा कंपनीला द्यायला तोवर रुग्णाची लेखी संमती लागे. ती मिळाली नाही तर बिलच निघत नसे. बिलापुरती ती अट गेली.

याच कायद्याने जून २०१९पासून बाहेरच्या डॉक्टरांकडे पाठवण्याची नवी व्यवस्था आली. तिथे व्हीए डॉक्टरांचे पैसे देते आणि मग स्वतः विमा कंपनीकडे जाते. डॉक्टरांच्या कार्यालयाने सवयीने विमा कार्डाची प्रत घेऊन कंपनीलाही बिल धाडलं, तर एकाच भेटीचे दोन क्लेम पोहोचतात आणि दुसरा ‘डुप्लिकेट’ म्हणून परत येतो. म्हणून अशा भेटीला जाताना व्हीएचा मंजुरी क्रमांक काउंटरवर आधी दाखवावा आणि विमा कार्ड खिशातच ठेवावं.