जड पाण्यातला फेस : दाढीच्या साबणाची पार्श्वभूमी

सातारा शहराला कास तलावातून मिळणारे पाणी जांभ्याच्या पठारावर पडलेल्या पावसाचे असते. त्यात क्षार कमी, म्हणून साधा साबणही पटकन फेस धरतो. तीच वडी माण-खटाव किंवा आटपाडी-जतकडच्या बोअरच्या जड, म्हणजे जास्त क्षार असलेल्या, पाण्यात वापरली तर ब्रशवर पांढरा साका जमतो आणि गालावरचा फेस मिनिटभरात बसतो. दोष बहुतेकदा साबणाच्या माथी मारला जातो. दाढीचा साबण आज आहे तसा का झाला हे पाहिले, तर हा घोळ नीट कळतो.

गावगाड्यात न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, धार लावायचा दगड, कात्री, नखे काढायची नराणी आणि पाण्याची वाटी असे. साबण बहुधा नसेच. बोटांनी पाणी लावून दाढी बराच वेळ चोळली जाई आणि मगच वस्तरा फिरे. ही पद्धत शास्त्राला धरून होती. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजलेला केस फुगतो, मऊ होतो आणि कापायला खूपच कमी जोर लागतो. साबणाची खरी कामे दोन : केसावरचे तेल काढून पाणी आत जाऊ देणे, आणि ते पाणी दाढी संपेपर्यंत चेहऱ्यावर धरून ठेवणे. पाते सहज सरकते ते त्यामुळेच.

हे धरून ठेवणे अंघोळीच्या साबणाला जमत नाही. चरबी किंवा तेल सोडियमच्या क्षारात शिजवले तर कडक वडी होते, पोटॅशियमच्या क्षारात शिजवले तर मऊ आणि चटकन विरघळणारा साबण होतो. उत्तर युरोपात लाकडाच्या राखेपासून मऊ साबण करत, तर भूमध्य समुद्राकाठी खाऱ्या जमिनीतल्या झाडांच्या राखेपासून कडक. 1791 मध्ये लब्लांक या फ्रेंच माणसाने मिठापासून सोडा, म्हणजे सोडियमचा क्षार, बनवायच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढे कडक वडी स्वस्त झाली. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीतली आम्ले वेगळी केली, त्यावरचा त्याचा ग्रंथ 1823 चा. त्यातल्या स्टिअरिक आम्लाला मेणबत्तीच्या धंद्याने बाजार दिला, आणि दाढीच्या साबणाला त्याचा मुख्य घटक मिळाला. स्टिअरिकचा फेस उशिरा येतो, पण बारीक, दाट आणि टिकाऊ असतो. खोबरेल तेलाचा फेस लगेच येतो, बुडबुडे मोठे असतात आणि तितक्याच लवकर फुटतात. म्हणून चांगल्या वडीत स्टिअरिक भरपूर, खोबरेल थोडे, आणि पोटॅशियम व सोडियम दोन्ही क्षार असतात. अमेरिकेत कनेटिकटच्या विल्यम्स कंपनीने 1840 मध्ये खास दाढीसाठी म्हणून वडी विकायला काढली, ती या प्रकारातल्या सुरुवातीच्या मालापैकी.

जिलेटचा सेफ्टी रेझर 1903 मध्ये विक्रीला आला आणि दाढी घरच्या घरी होऊ लागली. पहिल्या महायुद्धात सैनिकाच्या सामानात रेझर आला. रोज दाढी हा लष्करी शिरस्ता, आणि सातारा तर फौजींचा जिल्हा. अपशिंगे मिलिटरीसारखे गाव त्याच युद्धापासून फौजींचे गाव म्हणून ओळखले जाते. आपल्याकडे साबणातली जनावराची चरबी ही मोठी अडचण होती. गोदरेजने 1918-19 च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण काढून ती दूर केली. स्टिअरिक पामतेलापासूनही मिळते, त्यामुळे शाकाहारी वडी कमअस्सल असते हा समज टाकून द्यावा.

ट्यूबमधल्या क्रीममध्ये पाणी आधीच मिसळलेले असते, म्हणून नवख्यालाही फेस जमतो. पुढे 1949 मध्ये अमेरिकेत डब्यातला तयार फेस आला. तो सोयीचा खरा, पण वायूने फुगवलेला. केसाला भिजवणारे पाणी त्यात आपण वाढवू शकत नाही. आमच्या मते वडीचे मोल इथेच आहे. पाणी किती घालायचे हे आपल्या हातात राहते.

निवडताना वेष्टनावरची घटकांची यादी वाचावी. सुरुवातीलाच स्टिअरिक ॲसिड किंवा पोटॅशियम स्टिअरेट असावे, पुढे ग्लिसरीन. पोटॅशियमचे नावच नसेल आणि सोडियम पामेट, सोडियम कोकोएट (पामतेल व खोबरेलाचे सोडियम साबण) एवढेच दिसत असेल, तर तो अंघोळीचा साबण वेगळ्या डबीत घातलेला समजावा. ईडीटीए हे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवणारे रसायन असेल तर जड पाण्यात थोडी मदत होते. वास आणि किंमत यांवरून फेसाचा अंदाज येत नाही.

ब्रश दोन मिनिटे भिजवावा, डुकराच्या केसांचा असेल तर पाच. जास्तीचे पाणी झटकून वडीवर अर्धा मिनिट फिरवावा; जड पाण्यात जवळजवळ मिनिटभर. केसांवर दाट लेप दिसला की वाटीत किंवा थेट गालावर घोळावे आणि अर्धा-अर्धा चमचा पाणी तीन-चार वेळा वाढवावे. फेस घुसळलेल्या दह्याइतका दाट आणि चकचकीत हवा. पांढराफटक, कोरडा दिसला तर पाणी कमी आहे, पाते ओढेल. बुडबुडे दिसून ओघळला तर साबण कमी आहे. पुन्हा वडीकडे जावे. पाते साधारण 30 अंशांत, रेझरच्या वजनावरच चालवावे. पहिला हात केसांच्या दिशेने, दुसऱ्या हाताआधी नवा फेस. जतच्या उन्हाळ्यात फेस गालावरच वाळतो, तिथे एकावेळी अर्ध्याच चेहऱ्याला लावावा.

पाणी जड आहे का, हे बाटलीत कळते. चिमूटभर साबणाचा कीस पाव बाटली पाण्यात टाकून जोरात हलवावा. फेस न येता पाणी दुधाळ झाले, तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबण खात आहे. उकळून तळाशी थर बसू दिल्यास बायकार्बोनेटचा जडपणा जातो, सल्फेट-क्लोराइडचा जात नाही. मिरज-वाळव्याच्या क्षारपड पट्ट्यातल्या विहिरींना म्हणूनच उकळणे नेहमी पुरत नाही. अशा वेळी प्यायच्या आरओचे किंवा साठवलेल्या पावसाचे कपभर पाणी ब्रश, फेस आणि शेवटची धुणी एवढ्यासाठी पुरते. रेझर खळबळायला वेगळ्या मगात नळाचे चालेल. शेवटच्या धुणीलाही जड पाणी वापरले तर साक्याचा पातळ थर कातडीवर राहतो आणि खाज सुटते.

पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात वडीतले ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते आणि वर थेंब जमतात. त्याने साबण बिघडत नाही. फक्त ओली वडी झाकून ठेवू नये, वापरानंतर डबी काही तास उघडी ठेवावी आणि ब्रश पिळून हवेशीर टांगावा.