गोड पेये आणि मधुमेह: साखरेकडे लक्ष जायला वेळ का लागला

हृदयविकार कशाने होतो यावर 1960च्या दशकात दोन तट पडले होते. अमेरिकेतले संशोधक अँसेल कीज चरबीला दोष देत, लंडनचे संशोधक जॉन युडकिन साखरेला. 1967मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आढावा लिहिला आणि चरबीच्या पारड्यात वजन टाकलं. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे मोजले होते, हे जुन्या पत्रव्यवहारातून 2016मध्ये बाहेर आलं. त्या एका लेखानेच सगळं ठरलं असं नाही. पण पुढची कित्येक वर्षं आहाराचा सल्ला म्हणजे तूप-लोण्याचा हिशेब, एवढंच समीकरण राहिलं.

आपल्याकडे कोका-कोला 1977मध्ये गेली, 1993मध्ये परतली. मधल्या काळातलं थंडपेय म्हणजे पाव लिटरच्या आसपासची काचेची बाटली: दुकानातच प्यायची आणि तिथेच परत करायची. खरा फरक पडला तो प्लास्टिकच्या बाटलीने. थंडपेय घरच्या फ्रिजमध्ये आलं आणि माप सुटलं. कोलात 100 मिलीला साधारण 10.5 ग्रॅम साखर असते. म्हणजे पाव लिटरला 26 ग्रॅम आणि 600 मिलीला 63 ग्रॅम, सुमारे साडेबारा चमचे. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाने मोकळी साखर (वरून घातलेली, तसंच मध आणि फळांच्या रसातली) दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25च्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2015मध्ये सांगितलं.

मधुमेहाशी असलेला संबंध 2004मध्ये ठळक झाला. अमेरिकेतल्या 91,249 परिचारिकांच्या आठ वर्षांच्या नोंदींत, रोज एक किंवा जास्त गोड पेये पिणाऱ्यांना महिन्यातून एकदाही न पिणाऱ्यांपेक्षा टाइप 2 मधुमेहाचा धोका 83 टक्के जास्त दिसला. अशा पाहणीत खाण्यापिण्याच्या बाकीच्या सवयीही मिसळलेल्या असतात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. अनेक अभ्यास एकत्र करून 2015मध्ये काढलेला अंदाज आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो: रोजच्या एका पेयामागे 18 टक्के जास्त धोका, वाढलेल्या वजनाचा वाटा वगळला तरी 13 टक्के.

कारण सोपं आहे. प्यायलेल्या साखरेने पोट भरत नाही, त्यामुळे पुढच्या जेवणात एक पोळीही कमी होत नाही. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज. तो यकृतात जातो, आणि रोजच जास्त आला तर तिथे चरबी साठते.

हीच साखर रसवंतीच्या ग्लासातही आहे, हे नागपुरात स्पष्ट सांगायला हवं. उसाच्या 250 मिली रसात 30 ग्रॅमच्या वर साखर असते. संत्र्याचंही तसंच. एक संत्रं सोलून फोडी खाल्ल्या तर तंतूंसकट साखर हळूहळू पोटात जाते. ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात आणि चोथा गाळणीत राहतो. पन्ह्याची साखर निदान आपल्या हातात असते. करव्यवस्थेत मात्र हा विचार दिसत नाही: सप्टेंबर 2025पासून फसफसणाऱ्या पेयांवर 40 टक्के जीएसटी, तर बिनफेसाच्या फळरसाच्या गोड पेयांवर 5 टक्के.

पारा 45च्या पुढे गेला की आणखी एक घोटाळा होतो. रक्तातली साखर वाढली की लघवी जास्त होते, तहान लागते. मे महिन्यात ती तहान उन्हाची समजून माणूस थंडपेय घेतो, साखर आणखी चढते, शरीरातलं पाणी आणखी जातं. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागत असेल तर तपासणी करून घ्यावी.

जुलाब झालेल्या मुलाला थंडपेय किंवा डब्यातलं फळपेय देऊ नये. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. जुलाबात द्यायच्या ओआरएसच्या (मीठ-साखरेच्या पाण्याच्या) एका लिटरमध्ये ग्लुकोज असतं फक्त 13.5 ग्रॅम आणि मीठ 2.6 ग्रॅम. तरी गोड पेये ‘ओआरएस’ नावाने विकली जात होती. अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या एफएसएसएआय या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर 2025मध्ये ते नाव वापरायला मनाई केली. खरं पाकीट घेतल्यावरही मात्रा वाचा. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं तर मीठ चौपट-पाचपट होतं आणि लहान मुलाला ते धोक्याचं आहे. एवढं पाणी एकदम संपणार नसेल तर 200 मिलीचं छोटं पाकीट मागा. लिटरचं केलंच, तर 24 तासांनी उरलेलं फेकून द्या.